पाचवं सेमिस्टर जर्मनीत: पाठवण्याआधी कॉलेजकडून काय लिहून घ्यायचं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मुलगी पुण्यातल्या एका स्वायत्त अभियांत्रिकी महाविद्यालयात मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजचा जर्मनीतल्या एका होखशूलेशी, म्हणजे तिथल्या उपयोजित शिक्षणावर भर देणाऱ्या विद्यापीठाशी, करार आहे आणि तिसऱ्या वर्षाचं पहिलं, म्हणजे पाचवं सेमिस्टर तिथे करण्यासाठी तिची निवड झाली आहे. तिकडची फी माफ, इकडची नेहमीसारखी भरायची, राहणं-खाणं-प्रवास तुमचा. क्रेडिटचं काय, असं विचारल्यावर समन्वयक सर म्हणाले, "होतं सगळं, ती आल्यावर बघू." तुम्ही विचारताय की सहा-सात लाख घालून, त्यासाठी सांगलीचं शेत तारण ठेवून तिला पाठवावं का, आणि यात तिचं वर्ष तर जाणार नाही ना.

मी पुण्यातल्याच एका अभियांत्रिकी महाविद्यालयात परदेशी विद्यापीठांबरोबरच्या देवाणघेवाणीचं काम पाहते. मुलं निघतात तेव्हाची धावपळ आणि ती परतल्यावर परीक्षा विभागात घालाव्या लागणाऱ्या फेऱ्या, दोन्ही माझ्या रोजच्या कामातले. म्हणून स्पष्ट सांगते: तुम्हाला खर्चाची काळजी जास्त आहे, मला त्या "आल्यावर बघू"ची आहे. खर्चाचा अंदाज आधी बांधता येतो, कमी-जास्त करता येतो. पण तिकडचं सेमिस्टर इकडच्या पदवीत कसं धरायचं, हे मुलगी निघण्याआधी कागदावर आलं नसेल तर नंतर ते ना तिच्या हातात राहतं ना तुमच्या. ती परत येईपर्यंत विभागप्रमुख बदललेले असू शकतात, समन्वयकांकडे दुसरं काम आलेलं असू शकतं, आणि परीक्षा विभागातल्या माणसासमोर नियमावलीशिवाय काही नसतं. त्या माणसाचा दोष नसतो. त्याला सहीचा कागद लागतो.

पुढे जे सांगते त्यातलं बरंच तुमच्या कॉलेजच्या नियमांवर अवलंबून आहे. स्वायत्त कॉलेज असल्याने विषयांची समकक्षता ठरवण्याचा अधिकार त्यांच्या अभ्यास मंडळाला आणि विद्या परिषदेला आहे, ही तुमच्या बाजूची गोष्ट. विद्यापीठाशी संलग्न पण स्वायत्त नसलेल्या कॉलेजात हेच काम फार लांबतं.

आधी एवढं पाहा की करार नेमका कुठल्या प्रकारचा आहे. बहुतेक कॉलेजांच्या भिंतीवर फोटो असतो तो सामंजस्य कराराचा, म्हणजे एमओयूचा. त्यात "दोन्ही संस्था सहकार्य करतील" इतकंच असतं. फी-माफी आणि दरवर्षी किती विद्यार्थी जातील हे वेगळ्या, विद्यार्थी-देवाणघेवाणीच्या करारात असतं. तो करार नसेल तर मुलगी तिथे स्वतःहून प्रवेश घेतलेली विद्यार्थिनी ठरते, आणि उदाहरणार्थ बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या अशा विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो शुल्क पडतं. करारातून आलेल्यांना ते माफ असतं. तेव्हा समन्वयकांना नम्रपणे विचारा, "त्या कराराचं फी-माफीचं पान दाखवाल का?" करार खरा असेल तर पुढचा क्रमही ठरलेला असतो: तुमचं कॉलेज मुलीचं नाव अधिकृतपणे तिकडे कळवतं, मग तिकडून तिला अर्जाची लिंक येते, मग प्रवेशपत्र. मध्येच एखादी एजन्सी "प्रोसेसिंग फी" मागत असेल तर थांबा आणि आधी चौकशी करा.

आता क्रेडिट. मुलं इथेच सगळ्यात जास्त अडकतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

युरोपात क्रेडिट मोजायची पद्धत इसीटीएस नावाने ओळखली जाते. पूर्ण वर्षाचे ६० आणि सेमिस्टरचे ३०. जर्मनीत एक क्रेडिट म्हणजे साधारण ३० तासांचं काम, त्यात वर्गातले तास, घरचा अभ्यास, परीक्षेची तयारी सगळं आलं. आपल्याकडे सेमिस्टरला साधारण २० ते २२ क्रेडिट असतात. तिकडचे किती म्हणजे इकडचे किती, याचं सगळ्या देशाला लागू असं एकच गणित कॉलेजं वापरत नाहीत. काही ठिकाणी तिकडच्या दीड क्रेडिटला इकडचं एक धरतात, काही ठिकाणी दोनाला एक. हा फरक किरकोळ वाटतो, पण आकडे घालून पाहा. तुमच्या मुलीचं पाचवं सेमिस्टर २२ क्रेडिटचं आहे असं धरू. दीडाच्या हिशेबाने तिला तिकडे ३३ मिळवावे लागतील. जड आहे, पण होऊ शकतं. दोनाच्या हिशेबाने ४४ लागतील, आणि तिथे पूर्ण सेमिस्टरच ३० चं असतं. म्हणजे मुलगी तिथल्या सगळ्या परीक्षा उत्तम गुणांनी पास झाली तरी इथे अपुरीच राहणार. हे गणित कॉलेजने मुद्दाम कोणाला अडवायला केलेलं नसतं, कोणीतरी कधीतरी ठरवलेलं असतं आणि तेच पुढे चालू राहतं. पण ते आजच माहीत असायला हवं.

मी आमच्याकडे धरलेला आग्रह साधा आहे: पूर्ण सेमिस्टरला पूर्ण सेमिस्टर. तिकडे तिने पूर्णवेळ विद्यार्थिनीचं काम केलं असेल तर इकडचं पूर्ण सेमिस्टर झालं असं धरावं. याला आधारही आहे. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात आपलं एक क्रेडिट ३० तासांचं आणि वर्षाचे १,२०० तास म्हणजे ४० क्रेडिट असं धरलंय. तासांनीच मोजायचं तर तिकडचे ३० क्रेडिट म्हणजे ९०० तास, आणि आपल्या २२ क्रेडिटचे ६६० तास. म्हणजे मुलगी इकडच्यापेक्षा कमी काम करून येते, हा समज मुळातच टिकत नाही. हा मुद्दा घेऊन विभागप्रमुखांकडे जा. तक्रारीच्या सुरात मांडू नका, आकडे लिहून न्या. ऐकलं जातं, हा माझा अनुभव आहे.

आणखी एक सोय आहे. आपलं पाचवं सेमिस्टर जुलैत सुरू होतं आणि होखशूलेचं हिवाळी सत्र बहुतेक ठिकाणी सप्टेंबरच्या उत्तरार्धात किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला. मधले दोन-अडीच महिने मुलगी इथेच असते. त्या काळात प्रयोगशाळेचे तीन-चार क्रेडिट इथेच उरकून घेता येतात, विभागाने वेळापत्रक थोडं सरकवलं तर. प्रयोगांची समकक्षता जुळवणं तसंही सगळ्यात अवघड, कारण तिकडे प्रयोग बहुतेक वेळा विषयातच गुंफलेले असतात, वेगळे दाखवत नाहीत. ते इथेच झाले की तिकडून आणायचे उरतात अठराच्या आसपास.

उरलेली तूट स्वयम किंवा एनपीटीईएलच्या ऑनलाइन कोर्सने भरून काढा, असा सल्ला तिला नक्की मिळेल. चांगला सल्ला आहे, पण एक अडचण आहे. जुलैपासूनच्या कोर्सची परीक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास भारतातल्या केंद्रावर प्रत्यक्ष द्यावी लागते, आणि तेव्हा ती जर्मनीत असेल. म्हणून असा कोर्स जानेवारी ते एप्रिलच्या फेरीत घ्यायचा, जाण्याआधी म्हणजे आत्ताच, किंवा परत आल्यावर.

विषय जुळवताना माझा कल नेहमी एकच असतो. ऐच्छिक विषय, ओपन इलेक्टिव्ह (म्हणजे दुसऱ्या शाखेतले ऐच्छिक विषय), प्रकल्प, व्यवस्थापनाचे विषय हे तिकडून आणावेत. हीट ट्रान्सफर, मशीन डिझाइन असे मुख्य विषय शक्यतो इथेच करावेत. कारण फक्त कागदाचं नाही. मशीन डिझाइन तिकडे डीआयएन या जर्मन आणि आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकांवर शिकवतात, आपल्याकडे आयएस कोड, म्हणजे भारतीय मानकं, आणि डिझाइन डेटा बुकावर. मुलगी तिकडे शिकून हुशार होऊन येते, आणि इथे पुढच्या विषयात सर थेट मागच्या सेमिस्टरचं गृहीत धरून सुरुवात करतात तेव्हा चाचपडते. गेट, म्हणजे पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा, द्यायची असेल तर ही फट आणखी जाणवते. पाचव्या सेमिस्टरमध्ये असे मुख्य विषय दोन-तीन असतील तर विभाग अभ्यासक्रमात अदलाबदल करून देतो का, म्हणजे सहाव्या किंवा सातव्यातले ऐच्छिक विषय आधी धरून मुख्य विषय नंतर करू देतो का, हे विचारा. काही विभाग देतात, काही साफ नाही म्हणतात. नाही म्हणाले तर पाचवं सेमिस्टर हे जाण्यासाठी चुकीचं सेमिस्टर आहे, असं मी समजेन.

जे ठरेल ते लर्निंग ॲग्रीमेंट नावाच्या कागदावर येतं. डावीकडे तिकडचे विषय, उजवीकडे इकडचे, आणि खाली तिघांच्या सह्या: मुलगी, तुमचं कॉलेज, तिकडचं होखशूले. इथे एक गोष्ट पाहा. कॉलेजच्या बाजूने बहुतेक वेळा फक्त समन्वयकांची सही असते. ती पुरेशी नाही. विषयांच्या त्या तक्त्याला विभागप्रमुखांची आणि परीक्षा नियंत्रकांची मान्यता हवी, आणि अभ्यास मंडळाच्या बैठकीत तो नोंदवला गेला असेल तर सोन्याहून पिवळं. माझ्याकडे ज्यांच्या फाइलमध्ये परीक्षा नियंत्रकांची सही होती, त्यांची गुणपत्रकं विनातक्रार निघाली.

आणि तो कागद एकदाच करून चालत नाही. तिथे पोचल्यावर एखाद-दुसरा विषय बदलतोच: इंग्रजीतला म्हणून दाखवलेला विषय त्या सत्रात जर्मनमध्येच होतो, किंवा दोन विषयांच्या वेळा एकमेकांवर येतात. एका विद्यार्थ्याचं असंच झालं. त्याने तिथल्या सल्लागाराला विचारून दोन विषय बदलले, तिकडच्या कागदावर रीतसर नोंद झाली, पण इकडे कळवायचं राहिलं. दोन्ही विषयांत उत्तम गुण घेऊन आला आणि दोन्ही विषय इथे पुन्हा द्यावे लागले. म्हणून मुलीला सांगून ठेवा: बदल झाला की त्याच आठवड्यात सुधारित तक्ता मेलने विभागप्रमुखांना पाठवायचा, परीक्षा विभागाला प्रत ठेवायची आणि लेखी होकार येईपर्यंत पाठपुरावा करायचा. व्हॉट्सॲपवर "ओके बेटा" आलं, एवढ्यावर थांबायचं नाही.

गुणांचं रूपांतर हा वेगळा विषय आहे आणि निवडलेल्या हुशार मुलांना तोच जास्त बोचतो. जर्मनीत १.० सर्वोत्तम, ४.० ला काठावर पास, ५.० नापास. आपली दहाची श्रेणी आणि पाससाठी ४ धरून तिथल्याच नेहमीच्या सूत्राने उलट मोजलं तर १.० म्हणजे १०, २.० म्हणजे ८, ३.० म्हणजे ६. तिथे २.३ मिळवणं हे चांगलं काम मानतात, पण आपल्याकडे ते ७.४ दिसतं. इथे नऊच्या आसपास असलेल्या मुलीला हा धक्का असतो. प्रत्यक्ष फटका किती? २२ क्रेडिटच्या सेमिस्टरमध्ये ९ ऐवजी ७.४ पडले, तर कॅम्पस मुलाखतींच्या वेळी, म्हणजे साधारण १२० क्रेडिट झालेले असताना, सीजीपीए, म्हणजे सगळ्या सेमिस्टरची मिळून सरासरी, ०.२९ ने खाली येतो. पदवीच्या शेवटी ०.२२ ने. ज्यांचा सीजीपीए कंपन्यांच्या कटऑफच्या बराच वर आहे त्यांनी याचा विचारही करू नये. काठावर असेल तर जरूर करावा. काही कॉलेजं परदेशातले विषय फक्त "उत्तीर्ण" म्हणून धरतात आणि सीजीपीए बाकीच्या सेमिस्टरवर काढतात. मला तीच पद्धत न्याय्य वाटते. दोन वेगळ्या देशांतल्या शिक्षकांनी वेगळ्या मापाने दिलेले गुण एका सूत्राने सारखे होत नाहीत. तुमच्या कॉलेजात ती सोय आहे का विचारा, आणि असेल तर तीही लिहून घ्या.

आता वेळापत्रक. होखशूलेत हिवाळी सत्राचे वर्ग जानेवारीच्या अखेरीपर्यंत चालतात, परीक्षा त्याच सुमारास किंवा फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. आपलं सहावं सेमिस्टर मात्र जानेवारीतच सुरू झालेलं असतं. म्हणजे ती परत येईल तेव्हा इथे पाच-सहा आठवडे शिकवून झालेलं असेल, कदाचित पहिली अंतर्गत परीक्षाही उरकलेली असेल, आणि ७५ टक्के हजेरीचा नियम आहेच. यावर उपाय आहेत: उशिरा नोंदणीची परवानगी, त्या आठवड्यांत ती कॉलेजच्याच कामासाठी बाहेर होती ("ऑन ड्यूटी") असं धरून हजेरी लावणं, अंतर्गत परीक्षा नंतर घेणं. तिन्ही गोष्टी कॉलेजच्या हातातल्या आहेत. पण त्या ऑगस्टमध्ये मागितल्या तर मिळतात, फेब्रुवारीत मागितल्या तर उपकार म्हणून मिळतात किंवा मिळतच नाहीत.

तिकडचा निकाल यायला मार्च उजाडतो, अधिकृत गुणपत्रक एप्रिलपर्यंतही लांबतं. तोवर इथे तिच्या पाचव्या सेमिस्टरपुढे "राखीव" लिहिलेलं असेल. घाबरून जाऊ नका, कॅम्पसच्या याद्या साधारण जुलैत होतात, तोवर निकाल लागायला वेळ असतो. फक्त उन्हाळी इंटर्नशिपच्या अर्जासाठी तिला एक साधं पत्र लागेल की ती देवाणघेवाण कार्यक्रमात होती आणि निकाल यायचा आहे. ते जाण्यापूर्वीच मागून ठेवावं.

परीक्षेबद्दल तिला स्वतःला एक गोष्ट नीट समजावून सांगा. आपल्याकडे अंतर्गत गुण असतात, हजेरी असते, परीक्षेचा फॉर्म भरायची सूचना वर्गात येते, मित्रमैत्रिणी आठवण करतात. तिकडे बहुतेक विषयांना हजेरी नसते, आणि अनेक विषयांत सगळे गुण शेवटच्या एका परीक्षेवर असतात. त्या परीक्षेची नोंदणी वेगळी करावी लागते, पोर्टलवर, ठरलेल्या मुदतीत. मुदत गेली की परीक्षेला बसता येत नाही, मग सेमिस्टरभर वर्गात पहिल्या बाकावर बसलेली असली तरी. अभ्यासाला चांगली असलेली मुलं यात सापडलेली मी पाहिली आहेत. नापास झाली तर फेरपरीक्षा बहुधा पुढच्या सत्रात असते आणि तोवर मुलगी पुण्यात परतलेली असते. म्हणून कॉलेजला हेही विचारा: तिकडे एखादा विषय राहिला तर इथे तो बॅकलॉग धरणार की इकडचा समकक्ष विषय पुढच्या वेळी देता येणार? याचं उत्तर प्रत्येक कॉलेजात वेगळं आहे.

इथवरचं एकत्र धरलं तर तुमच्या "वर्ष जाईल का" या प्रश्नाचं उत्तर असं: विषयांच्या तक्त्यावर परीक्षा नियंत्रकांची सही, क्रेडिटचं प्रमाण लेखी, आणि सहाव्या सेमिस्टरच्या उशिरा नोंदणीची परवानगी, ही तीन कागदं हातात असतील तर वर्ष जात नाही. यातलं एकही नसेल तर वर्ष जाईलच असं नाही, पण ते तुमच्या मुलीच्या मेहनतीवर न राहता कोणाच्या तरी मर्जीवर राहील.

आता पैसा. जर्मनीच्या व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंट नावाच्या खात्यात आधी रक्कम भरावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ती वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ आहे. एका सत्रासाठी राहण्याच्या महिन्यांच्या हिशेबाने मोजायची, म्हणजे सहा महिन्यांना ५,९५२ युरो. एका युरोला शंभर रुपयांच्या आसपास धरलं तर सहा लाख. हा खर्च नाही, तिचेच पैसे आहेत, दर महिन्याला तिथल्या खात्यात येतात. छोट्या गावातल्या होखशूलेत, विद्यार्थी वसतिगृहात खोली मिळाली तर, ९९२ मध्ये भागून थोडे उरतातही. म्युनिकसारख्या शहरात ओढाताण होते. महिन्याचा आरोग्य विमा सव्वाशे ते दीडशे युरो, तो यातूनच जातो. सत्राच्या सुरुवातीला होखशूलेला द्यायचं सत्रशुल्क फी-माफीतही बहुधा भरावं लागतं, ठिकाणाप्रमाणे शंभर ते साडेतीनशे युरो. त्यात पुष्कळदा स्थानिक बस-ट्रामचा पास येतो. वरून विमान, व्हिसा, गरम कपडे. सगळं मिळून सात लाख हा तुमचा अंदाज योग्य आहे.

शेत तारण ठेवण्याबद्दल माझं मत ठाम आहे: एका सेमिस्टरसाठी ठेवू नका. बँकांच्या नेहमीच्या शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांपर्यंत स्थावर तारण मागत नाहीत. चार लाखांच्या वर दुसऱ्या माणसाची हमी लागते. आधीचं शैक्षणिक कर्ज चालू असेल तर त्याची रक्कम या मर्यादेत धरली जाते, तेव्हा त्याच शाखेत वाढीव कर्जाचं विचारा. शाखेतले अधिकारी "सेमिस्टरला कर्ज नसतं" असं म्हणू शकतात. त्यांना कॉलेजचं पत्र द्या की हे सेमिस्टर पदवी अभ्यासक्रमाचाच भाग आहे. बघा, तोच कागद इथेही लागला. शिष्यवृत्तीबद्दलही विचारा. तुमच्या कॉलेजचा करार इरॅस्मस प्लस या युरोपीय संघाच्या निधीतला असेल तर मासिक रक्कम आणि प्रवासखर्च मिळतो. नसेल तरी होखशूलेच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला मुलीने स्वतः मेल करून विचारावं, काही ठिकाणी डीएएडी या जर्मन शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेच्या निधीतून थोडी मदत होते. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती यासाठी नाही, ती अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना पूर्ण पदव्युत्तर शिक्षण आणि पीएचडीसाठी आहे.

मुलगी एकटी राहील, याची काळजी तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिली आहे. सुरक्षिततेपेक्षा मला खोलीची काळजी जास्त वाटते. प्रवेशपत्र आलं त्याच दिवशी वसतिगृहासाठी अर्ज करा, रांग मोठी असते. आणि न पाहिलेल्या खोलीचं भाडं किंवा अनामत कोणालाही आगाऊ पाठवू नका, फसवणुकीचे प्रकार तिथे भरपूर होतात. तिथे पोचल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते, तीही राहायची जागा पक्की असेल तरच होते. जर्मन भाषा वर्गासाठी लागली नाही तरी बाजारात, दवाखान्यात, वसतिगृहाच्या ऑफिसात लागते. पुण्यात मॅक्सम्युलर भवनात जर्मनची ए१ ही पहिली पातळी करून जाता आलं तर जावं.

आता मला खरंच जे सुचवायचं आहे ते. निवड झाली म्हणून पाचवंच सेमिस्टर घ्यायला हवं असं नाही. बऱ्याच स्वायत्त कॉलेजांत आठवं सेमिस्टर जवळजवळ पूर्ण प्रकल्पाचं किंवा इंटर्नशिपचं असतं. तेव्हा गेली तर विषयवार जुळवणीचा प्रश्नच उरत नाही. प्रकल्पाचे क्रेडिट एका ओळीत येतात, इकडचे मार्गदर्शक आणि तिकडचे प्राध्यापक मिळून मूल्यमापन करतात. जर्मनीतलं उन्हाळी सत्र मार्च-एप्रिलपासून जुलैपर्यंत असतं, ते आपल्या आठव्या सेमिस्टरशी बऱ्यापैकी जुळतं. कॅम्पस मुलाखती सातव्यातच झालेल्या असतात. आणि तिला पुढे तिकडे एमएस करायचं असेल, तर ज्या प्रयोगशाळेत सहा महिने काम केलं तिथल्या प्राध्यापकांचं शिफारसपत्र हे पाच विषयांच्या गुणपत्रकापेक्षा कितीतरी वजनदार ठरतं. आमच्या एका विद्यार्थिनीने पाचव्या सेमिस्टरची जागा सोडून हेच केलं. त्या वेळी तिच्या घरच्यांना ते हातची संधी सोडल्यासारखं वाटलं होतं. तिच्या प्रकल्पाचं काम पुढे तिथेच तिच्या पदव्युत्तर प्रबंधाचं बीज ठरलं.

याला दुसरी बाजूही आहे. करारात प्रकल्पासाठी येणाऱ्यांची तरतूद असेलच असं नाही, तिकडचा प्राध्यापक मुलीला स्वतः शोधावा लागतो, आणि दोन वर्षांनी करार चालू राहीलच याची खात्री कोणी देत नाही. वर्गात जर्मन, स्पॅनिश, कोरियन मुलांबरोबर बसून शिकण्याचा अनुभव प्रकल्पात कमी मिळतो. एकोणिसाव्या-विसाव्या वर्षी तो मिळणं मोठी गोष्ट आहे, हे मी दरवर्षी परत आलेल्या मुलांच्या बोलण्यातून पाहते. ती जास्त प्रश्न विचारू लागतात, शिक्षकांच्या नजरेला नजर देऊन बोलतात, स्वतःचा आठवडा स्वतः आखतात. म्हणून "जाऊच नका" असं मी म्हणणार नाही.

माझा सल्ला असा. तिने या आठवड्यात समन्वयकांना, विभागप्रमुखांना आणि परीक्षा नियंत्रकांना एकच मेल करावा. त्यात चार प्रश्न: क्रेडिटचं प्रमाण काय, विषयांच्या तक्त्याला मान्यता कोण देणार आणि कधीपर्यंत, सहाव्या सेमिस्टरची उशिरा नोंदणी आणि हजेरी कशी धरणार, तिकडे विषय राहिला तर काय. मेल तिने लिहावा, तुम्ही नाही. पुढचे सहा महिने तिला अशीच पत्रं लिहायची आहेत. तीन आठवड्यांत स्पष्ट उत्तरं आली आणि क्रेडिटचं प्रमाण दोनाला एक नसेल, तर शेत तारण न ठेवता जेवढं कर्ज मिळतं तेवढ्यात पाठवा, आनंदाने पाठवा. उत्तरं "बघू"च्याच भाषेत आली, तर तिला जागा नम्रपणे परत करायला सांगा आणि आठव्या सेमिस्टरसाठी आत्तापासून प्राध्यापक शोधायला लावा. होखशूलेच्या संकेतस्थळावर प्रत्येक प्रयोगशाळेचं काम इंग्रजीतही दिलेलं असतं. तिला आवडलेल्या तीन प्रयोगशाळा निवडून त्यांचं अलीकडचं काम वाचायला दुसऱ्या वर्षाची सुट्टी पुरेशी आहे.